मागच्या पडवीतला ट्रान्समीटर

मागच्या पडवीच्या कोपऱ्यात सहा वस्तू होत्या: एक घोंगडी, उशाला घ्यायचा लाकडी ठोकळा, पाण्याचा तांब्या, जर्मनची थाळी, तसलीच वाटी आणि घडी घातलेलं एक जुनेर. घोंगडीखाली चहाचं खोकं होतं. खोक्यात चार व्हॉल्व्ह, एक मोठी कॉइल, तीन कंडेन्सर, एक मायक्रोफोन आणि जाड कागदात गुंडाळलेल्या दोन बॅटऱ्या. खोक्याला टेकून एक बाई बसली होती.

“शिवू नका,” ती म्हणाली. मग माझ्या हातातली हत्यारांची पिशवी बघून हसली. “म्हणजे शिवा. त्यासाठीच आलात ना?”

ती कावेरी. अप्पा सबनिसांची सून. वय असेल वीसच्या आसपास.

बेचाळीसनंतरचा दुसरा हिवाळा होता. कृष्णाकाठच्या त्या गावांमध्ये इंग्रजांचं राज्य दिवसा, तेही पोलीस आले तरच चालायचं. अप्पा सबनीस वकिली सोडून भूमिगत झाले होते आणि गावाबाहेरच्या गुऱ्हाळात राहून आजूबाजूच्या गटांचं काम बघत होते. पोलिसांची तुकडी कुठे निघाली आहे ही खबर रोज सकाळी ट्रान्समीटरवरून तीन ठिकाणी सांगितली जाई. हा ट्रान्समीटर ज्यांनी बनवला ते पकडले गेले होते. बिनतारी यंत्रणा समजणारे आणखी दोघे होते, पण त्या कोपऱ्यात जाऊन बसायला दोघांपैकी एकही तयार झाला नाही. मी त्याच वर्षी पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाले होते. निरोप घेऊन आलेल्या माणसाने मला सरळच सांगितलं, “ताई, तारा जोडणारे पुष्कळ आहेत. आम्हाला बाई पाहिजे.”

कोपऱ्याची युक्ती अप्पांची. पाळी आलेली बाई तेव्हा बाजूला बसे. तिला, तिच्या अंथरुणाला, तिच्या भांड्याला कुणी शिवत नसे. झडती घ्यायला येणारे फौजदार, हवालदार इथलेच, याच चालीरीतींतले. ते धान्याच्या कणग्या उपसत, देवघरातली उतरंड उतरवत, पण या कोपऱ्याकडे पाठ फिरवत. नणंदेचं लग्न होईपर्यंत कावेरी आणि ती पाळीपाळीने बसत. नणंद सासरी गेल्यावर कावेरी एकटी उरली. खरी पाळी असो वा नसो, आसपास पोलीस असल्याची कुणकुण लागली की ती घोंगडीवर. अलीकडे तर ती तिथून उठतच नव्हती म्हटलं तरी चालेल.

“काय झालंय सेटला?” मी विचारलं.

“बोलतो, पण पलीकडे ऐकू जात नाही. आधी घरघर यायला लागली, मग आवाज बारीक झाला, आता काहीच नाही. खबर गेली नाही म्हणून नदीच्या खालच्या अंगाच्या गावात चार जण उसात सापडले.” तिने आवाज खाली घेतला. “तुम्ही नीट शोधा हं. कारण सगळे म्हणतात की माझ्या विटाळाने बिघडला. तसं निघालं तर मला माहेरी पोचवणार आहेत.”

“थोडे दिवस?”

“पोचवणार म्हणजे पोचवणार.”

“माहेरी कोण आहे?”

“भाऊ आहे,” ती म्हणाली. मग घोंगडीची सुरकुती काढत म्हणाली, “आणि भावजय आहे.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जिजी येऊन उभ्या राहिल्या. कावेरीच्या सासूबाई. ठेंगण्या, नऊवारी घट्ट नेसलेल्या.

“मुली, तू आता तिथे शिरलीस. आत यायचं तर डोक्यावरून आंघोळ करावी लागेल.”

“आणि नाही केली तर?”

“तर जेवण तिथेच वरून वाढीन. मला काय!”

म्हणून मी तिथेच जेवले. जिजींनी भाकरी हातभर उंचीवरून टाकली. ती थाळीच्या काठावर आपटून घोंगडीवर पडली. कावेरीने ती उचलली, झटकली आणि म्हणाली, “पिठलं जपून हं जिजी, तेही उडतं.”

“तोंड बघ,” जिजी माझ्याकडे पाहून म्हणाल्या. “चार माणसं तुरुंगात गेली हिच्यापायी, आणि तोंड बघ.”

मला एक कळेना. “पण जिजी, ती खरी बसलेली नाहीये ना? सोंग आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“सोंग देवाचं घेतलं तर पाया पडतो ना आपण? मग!” असं म्हणून त्या आत गेल्या.

जेवणानंतर मी खोक्याची फळी काढली. व्हॉल्व्ह एकेक करून मांडीवर घेतले. कॉइलकडे वळणार तोच पुढच्या दारी कुत्री भुंकली आणि बुटांचा आवाज आला. कावेरीने फक्त माझ्याकडे पाहिलं. पुढच्या क्षणी घोंगडी खोक्यावर, माझ्या मांडीवर आणि मीटरवर होती, आणि मी ठोकळ्यावर डोकं ठेवून आडवी पडले होते.

“कण्ह,” ती म्हणाली. मी कण्हले.

फौजदार परसातून फिरून पडवीपाशी आला. मागे दोन हवालदार. परसाच्या कुंपणापलीकडे शेजारच्या घरातली बाई भांडी घासता घासता थांबली.

“ही कोण?”

“मावसबहीण. फलटणची.”

“हीसुद्धा?”

“हीसुद्धा.”

“दोघी एकदम?”

“काय करावं फौजदारसाहेब? सरकार आम्हाला तारखा नेमून देत नाही.”

एक हवालदार फिस्सकन हसला. फौजदार हसला नाही. तो एक पाऊल पुढे आला. मी घोंगडीखाली एका व्हॉल्व्हची काच तळहाताने झाकून धरली होती, ती हाताच्या उबेने तापायला लागली.

“मी येतो तेव्हा तुम्ही इथेच,” तो मोठ्याने म्हणाला. “दर खेपेला. हा काय प्रकार? रोगबिग आहे का काही? डॉक्टरला दाखवा.”

“दाखवते. तुम्ही तेवढे बाजूला व्हा. सावली पडतेय माझी.”

तो खाली बघून झटकन मागे सरला. टाच पायरीच्या कडेला लागून तो जरासा तोल जाऊन सावरला. मग परसातली गवताची गंजी भाल्याने भोसकून ते सगळे निघून गेले. कुंपणापलीकडची बाई पुन्हा भांडी घासायला लागली, पण आता हळू.

“घाबरली नाहीस?” मी घोंगडी बाजूला करत म्हटलं.

“घाबरले ना. सावली त्याच्याकडे पडतच नव्हती. ऊन त्याच्या मागून होतं.”

उजेड चांगला होता तोवर मी काम उरकायचं ठरवलं. कॉइल सोडवून हातात घेतली आणि कारण शोधावं लागलंच नाही, ते दिसलं. कॉइलच्या बाकेलाइटच्या नळीवर पिवळट पांढरे डाग होते, मीठ सुकतं तसे. तार जिथे तसल्याच बाकेलाइटच्या पट्टीला जोडलेली होती तिथे हिरवी पडली होती. कंडेन्सरच्या पत्र्यांमध्येही तेच. मी नाकाशी नेलं.

“कावेरी, यावर पाणी कोण टाकतं?”

“पाणी नाही. गोमूत्र.”

मी कॉइल नाकापासून दूर केली.

“रोज सकाळी हे मी उंबऱ्यापर्यंत आणून ठेवते,” ती समजावून सांगू लागली. “मी शिवलेलं ना. मग जिजी शिंपडतात, मग काळसेकर उचलून माडीवर नेतात. ते सेटवर बोलतात ना, ते काळसेकर. बोलून झालं की परत इथे.”

“आणि हे रोज?”

“रोज. आधी थेंबभर असायचं. त्या चौघांना पकडल्यापासून जास्तच शिंपडतात. विटाळ फार झालाय म्हणतात.”

मी उठून स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले, उंबऱ्याच्या अलीकडे थांबले आणि जिजींना हाक मारली. त्यांच्यासमोर मीटरच्या दोन सुया आधी मी आणलेल्या कोऱ्या पट्टीला लावल्या, काटा हलला नाही. मग डाग पडलेल्या पट्टीला लावल्या, काटा सरकला. विजेने ज्या वाटेने जाऊ नये ती वाट या क्षारांनी उघडली होती. सुकल्यावरही ते हवेतला ओलावा धरून बसत. मी हे सगळं सोपं करून सांगितलं. जिजींनी ते नीट ऐकलं, मला वाटलं त्याहून नीट.

“म्हणजे गाईमुळे बिघडलं म्हणतेस?”

“गाईमुळे नाही हो. ओतल्यामुळे.”

“मग काय तसंच घरात घेऊ? देव आहेत माझे वर माडीवर.”

“रेशमाला विटाळ नसतो, जिजी,” कोपऱ्यातून कावेरी म्हणाली. “मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं. माझा शालू घ्या, त्यात गुंडाळून नेत जा.”

“लग्नाचा शालू असल्या कामाला!” जिजी म्हणाल्या. पण वळून त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. रेशमाची गोष्ट खरी होती आणि ती त्यांच्याच शास्त्रातली होती.

मी डाग पडलेली पट्टी काढून तिच्या जागी कोरी बसवली, बाकीचे क्षार स्पिरिटने पुसून काढले. हिरवी तार काढून टाकली आणि सोबत आणलेल्या तारेने कॉइल नव्याने गुंडाळायला घेतली. वेढे मी घालत होते आणि तार ताणून कावेरी धरत होती. तिची बोटं स्थिर होती. मधेच तिने विचारलं, “म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“नाही.”

“शंभर टक्के?”

“तू शिवल्याने काही होत असतं तर आता आपण दोघी धरून बसलोय तेव्हा काटा हलला असता. बघ.”

तिने मीटरकडे वाकून पाहिलं. काटा शून्यावर होता. ती बराच वेळ बघत राहिली, जणू थोडं थांबलं तर हलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुऱ्हाळात गेले. चुलाणावर रस उकळत होता. अप्पा उसाच्या वाळलेल्या चोयट्यांच्या ढिगाआड घोंगडीवर बसले होते. दाढी वाढलेली, पण चष्म्याच्या काचा स्वच्छ पुसलेल्या. शेजारी काळसेकर. मी ती डाग पडलेली पट्टी आणि मीटर बरोबर नेलं होतं. सगळं त्यांना करून दाखवलं. अप्पांनी दोनदा करून दाखवायला सांगितलं, दुसऱ्यांदा सुया स्वतः धरल्या.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “शंकाच नाही.”

“मग कावेरीला माहेरी पाठवायचं कारण उरत नाही.”

अप्पांनी चष्मा काढला. काळसेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि उत्तर स्वतःच दिलं. “हेमलताबाई, चौघे आत आहेत. एकाला अशी मारहाण झाली की त्याचा हात गेला. त्यांच्या घरी मी जाऊन काय सांगू? अप्पांच्या घरी गोमूत्र जास्त झालं म्हणून तुमचा माणूस गेला?”

“खरं तेच आहे.”

“खरं आहे हो! पण लोक काय म्हणतील, ज्यांच्या घरात साधा सेट सांभाळता येत नाही त्यांच्यामागे आम्ही का जावं? आणि मी काय म्हणू? रोज तो ओला सेट मीच उचलत होतो.”

“मग विटाळाने गेला म्हणून सांगणार?”

“आम्ही कशाला सांगू?” अप्पा शांतपणे म्हणाले. “ते लोकच म्हणताहेत. विटाळाला कुणी जाब विचारत नाही. आम्हाला विचारतील.”

“अप्पा, तुम्ही सभांमधून शिवाशिवीविरुद्ध बोलता. मी ऐकलंय.”

“बोलतो. पुन्हाही बोलेन. पण आधी राज्य येऊ दे.” त्यांनी सुया माझ्या हातात परत दिल्या. “दुसरंही एक आहे. काल फौजदार काय बोलला ते मला कळलं. प्रत्येक वेळी तीच बाई तिथे दिसते हे आता त्याच्या डोक्यात बसलं. गावातही कुजबुज आहे की सबनिसांच्या सुनेला काहीतरी रोग आहे. दोन वर्षं झाली, मूलही नाही.”

“मूल कसं होणार? ती तर कायम बाजूला बसलेली.”

काळसेकर रसाच्या काहिलीकडे बघायला लागले. अप्पांनी चष्मा पुन्हा घातला.

“तिने मोठं काम केलंय,” ते म्हणाले. “मी ते विसरणार नाही. पण त्या कोपऱ्यासाठी ती आता चालणार नाही.”

मी परत आले तेव्हा अप्पांचा मुलगा दिगंबर अंगणात गाडीच्या बैलांना पाणी दाखवत होता. म्हणजे निरोप माझ्या आधी पोचला होता. मी त्यालाही सगळं सांगितलं, गोमूत्र, क्षार, मीटर. तो मान हलवत ऐकत होता.

“तुमचं सगळं बरोबर असेल,” तो म्हणाला. “पण अप्पांनी ठरवलंय.”

“आणि तुम्ही?”

“मी काय?” तो म्हणाला. त्याला खरंच प्रश्न कळला नसावा.

कावेरी आंघोळ करून आली होती. इतक्या महिन्यांत तिला मी पहिल्यांदाच उभी, केस विंचरलेली बघत असेन असं वाटलं, जरी मला तिथे येऊन एकच दिवस झाला होता. ती माझी वाटच बघत होती.

“त्यांना कळलं?”

“कळलं.”

“सगळं? काटा दाखवलात?”

“अप्पांनी स्वतः सुया धरून बघितलं.”

ती पडवीच्या खांबाला टेकली. “न कळून पाठवलं असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “मग मी वाट पाहिली असती.”

तिचं सामान एका ट्रंकेत मावलं. जिजींनी ती ट्रंक उघडून पाहिली. चोरीच्या संशयाने नव्हे. त्यांनी वरून तिसरं पातळ बाजूला सारलं, खालून हिरवा शालू काढला आणि आपल्या हातावर घेतला.

“हा राहू दे इथेच,” त्या म्हणाल्या. “कामाला येईल. रेशीम आहे.”

कावेरीने ट्रंकेचं झाकण लावलं. जिजींच्या पाया पडायला ती वाकली तेव्हा जिजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ ठेवला. मग डोळे पुसत त्या आत गेल्या आणि प्रवासाला म्हणून दशम्या बांधून घेऊन आल्या. गाडी वळणावरून जाईपर्यंत कुंपणापलीकडची शेजारीण हातातलं काम थांबवून उभी होती.

माघात मला पुन्हा बोलावणं आलं. सेट नीट चालतोय की नाही ते तपासून, एकदा चाचणी घेऊन द्या, असा निरोप होता. मागच्या पडवीत एक मुलगी बसली होती, सोळा-सतराची. हातांवरची हळद अजून पुरती गेली नव्हती. जिजींच्या भावाची मुलगी, आता त्यांची नवी सून.

“ताई, मला इथे किती दिवस बसायचं?” तिने विचारलं. “मामंजी म्हणाले देशाचं काम आहे. पण किती दिवस ते नाही सांगितलं.”

मी उंबऱ्यापाशी जाऊन जिजींना विचारलं, कावेरीचं काय कळलं?

“तिचं नाव काढू नकोस इथे,” जिजी हळू आवाजात म्हणाल्या. “पोर नवी आहे.”

आता त्या दिवसांबद्दल कुणी विचारायला आलं की बंदुका, गाड्यांची लूट, उसातले पाठलाग यांबद्दल विचारतं. त्यांना मी चाचणीबद्दल सांगते, कारण तिचे आकडे मला पाठ आहेत.

सेट कोरडा होता. पट्टीवर एकही डाग नव्हता, तार तांबूस होती. सकाळी काळसेकरांनी तो हिरव्या शालूत गुंडाळून माडीवर नेला, ते मायक्रोफोनपुढे बसले आणि एकच मजकूर सावकाश तीनदा बोलले. दुसऱ्या दिवशी सायकलवरून माणूस परत आला. पहिल्या ठिकाणी आवाज मोठा आणि स्वच्छ. दुसऱ्या ठिकाणी स्वच्छ. तिसरं ठिकाण नदीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी होतं, तिथे थोडी खरखर होती पण शब्द न् शब्द कळला. मी नकाशावर दोरा ताणून ते अंतर मोजलं. साडेएकवीस मैल.